इंजिनाची जन्मतारीख कशी वाचावी?

जुनी स्कूटर किंवा मोटार दुसऱ्याच्या नावावर करताना परिवहन कार्यालयाच्या अर्जाला चॅसिस क्रमांकाचा ‘पेन्सिल प्रिंट’ जोडण्याची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. क्रमांकावर पातळ कागद धरायचा आणि त्यावरून शिसपेन्सिल आडवी घासायची. कागद काळा होतो, आकडे मात्र पांढरे राहतात. कारण उघड आहे: आकडे धातूत खोल गेलेले असतात, तिथे कागदाला खालून आधार मिळत नाही आणि शिसे टेकत नाही. आता हाच कागद त्याच गाडीच्या इंजिनावर ओतीव अक्षरांत असलेल्या कंपनीच्या नावावर ठेवून पाहावा. या वेळी अक्षरे काळी उमटतील आणि भोवतालची जागा फिकी राहील.

ओतीव धातूवर उठून आलेले अक्षर धातू पातळ होता तेव्हा, म्हणजे साच्यातच, जन्माला आलेले असते. खोल गेलेले अक्षर धातू थंड होऊन घट्ट झाल्यावर कोणीतरी पंच आणि हातोडा घेऊन ठोकलेले असते. एकाच वस्तूवर दोन्ही प्रकारची अक्षरे असतील, तर आधी कोणते आणि नंतर कोणते हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही. जुन्या मोटारींच्या इंजिनांचे वय ठरवण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. खडकांच्या थरांत खालचा थर आधीचा, हे गृहीत धरून भूशास्त्रज्ञ जसा पुढे जातो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या विद्येचे माहेरघर अमेरिका. तिथे गेल्या शतकाच्या मध्यावर मोटारींचे उत्पादन इतके अवाढव्य होते, की प्रत्येक ओतीव भागावर तारीख आणि क्रमांक घातल्याशिवाय कारखान्याचा कारभार चालणे शक्य नव्हते. शेव्हरोले कंपनीने १९५५ साली ‘स्मॉल ब्लॉक’ नावाने ओळखले जाणारे आठ सिलिंडरांचे इंजिन बाजारात आणले. त्या घराण्यातले दहा कोटीवे इंजिन २०११ साली तयार झाले. आपण उदाहरण याच इंजिनाचे घेऊ, आणि गाडी घेऊ १९६९ सालची ‘कॅमारो झेड-२८’.

हीच गाडी का? अमेरिकेत त्या काळी ‘ट्रान्स-ॲम’ नावाच्या शर्यती होत. त्यांत इंजिनाची क्षमता ३०५ घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५ लिटरपेक्षा, जास्त असून चालत नसे. शर्यतीत उतरवायची गाडी सर्वसामान्य गिऱ्हाइकालाही विकली पाहिजे, असाही दंडक होता. म्हणून शेव्हरोलेने ३०२ घनइंचांचे खास इंजिन बसवलेली झेड-२८ काढली. १९६९च्या मॉडेलच्या एकूण कॅमारो गाड्या सुमारे २ लाख ४३ हजार. त्यांपैकी झेड-२८ फक्त २० हजार ३०२. आज संग्राहक साध्या कॅमारोपेक्षा झेड-२८ला कितीतरी अधिक किंमत देतात, आणि त्यातही कारखान्यातून निघताना बसवलेले मूळ इंजिन जागेवर असेल तर आणखी अधिक. बाहेरून मात्र दोन्ही गाड्या सारख्याच. पट्टे रंगवले, बिल्ले लावले, की साध्या गाडीची झेड-२८ होते. खरी कोणती हे विचारायचे तर इंजिनालाच विचारावे लागते.

वाळूत लिहिलेली तारीख

इंजिनाचा मुख्य ठोकळा, म्हणजे सिलिंडर ब्लॉक, हा बिडाचा असतो. वितळलेले बीड सुमारे १४०० अंश सेल्सियस तापमानाला वाळूच्या साच्यात ओततात. साचा करण्यासाठी आधी लाकडाचा किंवा धातूचा ‘पॅटर्न’ लागतो. त्याच्याभोवती वाळू ठासून भरायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत जाण्याचा योग आला तर हे सगळे डोळ्यांनी पाहता येते, आणि विद्यार्थ्यांना तिथे जरूर न्यावे.

पॅटर्नवर उठावाची अक्षरे चिकटवलेली असली, तर वाळूत त्यांचे खोलगट आणि उलटे ठसे उमटतात. वाळूत धातू शिरला, की ते ठसे पुन्हा उलटतात आणि ओतीव ठोकळ्यावर सुलटी, उठावाची अक्षरे येतात. दोनदा उलटल्यामुळे पॅटर्नवरचे अक्षर जसेच्या तसे परत मिळते. रबरी शिक्क्यावर मात्र अक्षरे उलटी कोरावी लागतात, कारण तिथे उलटणे एकदाच घडते. (हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. उत्तर देण्याआधी मुले हवेत बोटांनी अक्षरे काढू लागतात.)

पॅटर्नवरचा काही मजकूर कायमचा असतो. तो म्हणजे ओतकामाचा क्रमांक. हा ठोकळा कोणत्या आराखड्याप्रमाणे ओतला, एवढेच तो सांगतो. तारीख मात्र बदलावी लागते, म्हणून तिचे छोटे सुटे तुकडे असतात. कामगार जुना तुकडा काढून नवा बसवतो. या तारखेचा हेतू काही पुढच्या संग्राहकांची सोय हा नव्हता. ओतकामातले दोष, म्हणजे आत राहिलेले वायूचे बुडबुडे किंवा जागचा हललेला गाभा, बाहेरून दिसत नाहीत. ठोकळा कापायला, भोके पाडायला यंत्रावर चढवला म्हणजे ते उघडे पडतात, आणि तोवर काही दिवस किंवा आठवडे गेलेले असतात. असे दहा ठोकळे लागोपाठ बाद झाले, तर ते एकाच दिवसाचे आहेत का, त्या दिवशी वाळू ओली होती की धातू थंड होता, हे शोधायला तारीख हवी.

शेव्हरोलेच्या ठोकळ्यावर ही तारीख मागच्या बाजूला, गिअरपेटी जिथे जोडतात त्या कडेजवळ असते. तिची रीत सोपी आहे: आधी महिन्याचे अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा अंक. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असे करत एल म्हणजे डिसेंबर. (ही अक्षरे मुळात रोमन लिपीतली आहेत, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) आपल्या उदाहरणातल्या ठोकळ्यावर ‘सी १४ ९’ असे आहे असे समजू. म्हणजे १४ मार्च, आणि वर्ष ९ने संपणारे. आता हे १९५९ की १९६९ की १९७९? तारीख याबाबत गप्प आहे. कारखान्याला त्याची पर्वा नव्हती. दहा वर्षांनी तो ठोकळा कोणी परत आणून दाखवणार नव्हता.

ठोकळा एक, इंजिने तीन

तारखेचा पेच तसाच ठेवून आधी ओतकामाच्या क्रमांकाकडे पाहू. समजा तो ३९७००१० आहे. हा क्रमांक संग्राहकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. पण त्यावरून इंजिन ३०२ घनइंचांचे आहे असे म्हणता येत नाही, आणि हे का ते शाळेतल्या गणिताने कळते.

सिलिंडरची क्षमता म्हणजे दंडगोलाचे घनफळ: तळाचे क्षेत्रफळ गुणिले दट्ट्याचा पल्ला. या ठोकळ्यातल्या सिलिंडरचा व्यास ४ इंच आहे, म्हणून तळाचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. सिलिंडर आठ. दट्ट्याचा पल्ला किती हे ठोकळ्यावर ठरत नाही, ते आत बसवलेल्या क्रँकशाफ्टवर ठरते. ३ इंच पल्ल्याचा क्रँकशाफ्ट बसवला तर एकूण क्षमता ३०१.६ घनइंच येते, हेच ‘३०२’. ३.२५ इंचांचा बसवला तर ३२६.७, म्हणजे ‘३२७’. आणि ३.४८ इंचांचा बसवला तर ३४९.८, म्हणजे ‘३५०’. बाहेरून तिन्ही इंजिने सारखीच दिसतात. ३९७००१० क्रमांकाचे बहुसंख्य ठोकळे ३५०च्या इंजिनांसाठी वापरले गेले. ते पुढे सत्तरच्या दशकातही ओतले जात होते. हा तपशील लक्षात ठेवावा, तो लगेच उपयोगी पडणार आहे.

म्हणजे ठोकळा ओतला जातो तेव्हा त्याचे पुढे काय होणार हे ठरलेलेच नसते. ते ठरते इंजिन जुळवणीच्या कारखान्यात. म्हणूनच दुसरी नोंद ओतीव असूच शकत नाही, ती ठोकूनच करावी लागते.

मिशिगन राज्यात फ्लिंट या गावी शेव्हरोलेचा इंजिनांचा कारखाना होता. इंजिन जुळवून झाले, की ठोकळ्याच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, हेडच्या समोर, यंत्राने गुळगुळीत केलेल्या छोट्या चौथऱ्यावर एक ओळ ठोकत. आपल्या इंजिनावर ती ‘व्ही०३२६डीझेड’ अशी आहे असे समजू. व्ही म्हणजे फ्लिंट (टोनावांडाच्या कारखान्याला टी हे अक्षर होते). ०३२६ म्हणजे तिसऱ्या महिन्याची २६ तारीख. आणि डीझेड म्हणजे ‘१९६९च्या कॅमारो झेड-२८साठी ३०२ घनइंचांचे इंजिन’. इथे वर्ष तर मुळीच दिलेले नाही.

तिसरी नोंद इंजिन गाडीत बसवणाऱ्या कारखान्यात होते. ओहायो राज्यातल्या नॉरवुड इथे तयार झालेल्या १९६९च्या कॅमारोच्या इंजिनावर ‘१९एन’ आणि त्यापुढे सहा आकडे ठोकलेले असतात, त्याच चौथऱ्यावर किंवा तेलाच्या फिल्टरजवळ. १ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९चे मॉडेल, एन म्हणजे नॉरवुड आणि पुढे गाडीचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक गाडीच्या मुख्य क्रमांकाशी जुळला पाहिजे. शिवाय गाडीच्या बोनेटखाली, काचेच्या पुढच्या पत्र्यावर, एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर ‘०४बी’ असे असेल तर सांगाडा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला.

आता सगळे एका ओळीत मांडू. ठोकळा ओतला १४ मार्चला. इंजिन जुळवले २६ मार्चला. गाडी तयार झाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. क्रम सुसंगत आहे आणि मधली अंतरेही वाजवी आहेत. ठोकळा गाडीच्या आधी साधारण सहा महिन्यांच्या आत ओतलेला असला, तर जाणकार संग्राहक तो मान्य करतात. त्याहून जुना असला तर भुवया उंचावतात. आणि गाडीनंतर ओतलेला असला तर बोलणेच संपते.

दशकाचा पेच राहिला. १९५९ बाद होते, कारण ३९७००१० हा ठोकळा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. १९७९ मात्र एवढ्याने बाद होत नाही. तिथे ठोकलेली ओळ मदतीला येते: १९७०च्या मॉडेलपासून शेव्हरोलेने शेवटची दोन अक्षरे वाढवून तीन केली. ‘डीझेड’ ही दोनच आहेत. म्हणून १९६९. एकेका नोंदीत वर्ष अपुरे आहे किंवा मुळीच नाही, पण तिन्ही मिळून ते एकच उरते. मला या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो.

आणखी एक बारीकसा पडताळा आहे. १४ मार्च १९६९ हा शुक्रवार होता आणि २६ मार्च हा बुधवार. कोणत्याही तारखेचा वार काढायची रीत विद्यार्थ्यांना येत असेल, तर तारीख रविवारी पडते का हे पाहता येते. रविवार निघाला म्हणून इंजिन खोटे ठरत नाही, पण चौकशी वाढवायला ते कारण पुरेसे आहे.

खोटा ठसा कसा ओळखतात

पैसा आला की लबाडी येतेच. साधा ३५०चा ठोकळा घ्यायचा, चौथऱ्यावरची जुनी ओळ घासून काढायची आणि बाजारात मिळणाऱ्या पंचांनी ‘डीझेड’ ठोकायचे. आकडे बरोबर आहेत, क्रम बरोबर आहे. मग पकडायचे कसे?

इथे आकडे सोडून पृष्ठभाग वाचावा लागतो. कारखान्यात ठोकळ्याचा वरचा भाग ‘ब्रोच’ नावाच्या हत्याराने सपाट करत. ब्रोचला ओळीने दाते असतात आणि ते एका झटक्यात पुढून मागे सरकते, त्यामुळे धातूवर बारीक समांतर रेघा राहतात. चौथरा त्याच फटक्यात सपाट होतो, म्हणून त्याच्यावरही त्याच रेघा त्याच दिशेने असतात आणि आकडे त्या रेघांच्या वर ठोकलेले असतात. जुनी ओळ घासली, की रेघा जातात. कानशीने किंवा पॉलिश कागदाने नव्या रेघा ओढता येतात, पण त्यांची दिशा, खोली आणि अंतर भिंगाखाली वेगळे दिसते. उठावाची तारीखही काही जण बदलतात: जुनी छिलून नवे तुकडे चिकटवतात. मग भोवतालच्या खडबडीत, वाळूचे कण उमटलेल्या पृष्ठभागात एक गुळगुळीत बेट तयार होते.

मात्र रेघा नाहीत म्हणजे लबाडीच झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुन्या इंजिनाचा ठोकळा उष्णतेने थोडा वाकतो. दुरुस्ती करताना मेकॅनिक तो पुन्हा सपाट करून घेतात. त्या कामात चौथराही छिलला जातो आणि आकडे कायमचे नष्ट होतात. १९८०मध्ये गाडी नीट चालावी म्हणून कोणी इंजिन दुरुस्त करून घेतले, तेव्हा ते आकडे पुढे मोलाचे ठरतील हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. अशी गाडी खोटी नसते; तिचा पुरावा हरवलेला असतो, एवढेच.

घासून काढलेले आकडे परत वाचता येतात का? पोलादावर बहुधा येतात. पंच ठोकला की खाच पडते, आणि खाचेच्या तळाखालचे स्फटिकही दबून विस्कटतात. घासणारा खाच नाहीशी करतो, पण हा विस्कटलेला भाग त्याहून खोल असतो. त्यात ऊर्जा साठलेली असल्याने आम्लाशी त्याची अभिक्रिया शेजारच्या धातूपेक्षा वेगाने होते. पृष्ठभाग आरशासारखा करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण (फ्राय या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते) बोळ्याने फिरवत राहिले, की नाहीसे झालेले आकडे हळूहळू सावलीसारखे वर येतात. चोरीच्या वाहनांच्या तपासात आपल्याकडच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही रासायनिक क्रियेने असे क्रमांक उघड करतात. शाळेत मात्र हा प्रयोग करू नये.

बिडाच्या ठोकळ्यावर ही युक्ती फारशी चालत नाही. बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचे जाळे असते. ते धातूची सलगता तोडते, त्यामुळे पोलादासारखा खोलवर दबलेला भाग तयारच होत नाही. संग्राहकांच्या दुर्दैवाने त्यांची बहुतेक इंजिने बिडाचीच आहेत.

दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांकडे वळायचे झाले, तर शेव्हरोलेचे नियम घरी ठेवून जावे. फोर्ड कंपनी तारीख उलट क्रमाने लिहीत असे: आधी वर्षाचा अंक, मग महिना, मग दिवस. १४ मार्च १९६९ तिथे ‘९सी१४’ होतो. शिवाय आय हे अक्षर एक या आकड्यासारखे दिसते म्हणून फोर्डने ते वगळले. परिणामी जे हे अक्षर शेव्हरोलेत ऑक्टोबर दाखवते आणि फोर्डमध्ये सप्टेंबर. फोर्डच्या ओतकामाच्या क्रमांकातच दशक असते: सी म्हणजे साठचे, डी म्हणजे सत्तरचे. ‘सी८’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९६८. पण हे वर्ष आराखड्याचे आहे, ओतल्याचे नव्हे. ‘सी८’चा भाग १९६९मध्ये ओतलेला असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि नवशिके नेमके इथेच फसतात.

आपल्याकडेही हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूप टिकवलेली आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी ‘मूळ स्वरूपात आहे’ हे नुसते म्हणून भागत नाही. तपासायला बसले की शेवटी ठोकळ्यावरची अक्षरेच पाहावी लागतात.

वर्गात करून पाहण्यासाठी मोटारीची गरज नाही. वाण्याकडची बिडाची षटकोनी वजने आणावीत. ‘१ किग्रॅ’ ही अक्षरे उठावाची आहेत, म्हणजे ओतताना आलेली. वजनाला एक भोक असते, त्यात शिसे भरलेले असते, आणि त्या शिशावर वैधमापन निरीक्षकाने पडताळणीनंतर ठोकलेले ठसे असतात. त्यांत वर्ष असते आणि तिमाहीचे अक्षर असते: ए, बी, सी किंवा डी. बिडावर न ठोकता शिशावर का ठोकतात, हे मुलांना विचारावे.

शेवटी तीन इंजिने देतो. तिन्हींचा ओतकामाचा क्रमांक ३९७००१० आहे आणि तिन्ही १९६९च्या कॅमारो झेड-२८मध्ये बसवलेली आहेत असे समजा. पहिल्यावर ओतकामाची तारीख ‘एल १० ८’ आणि ठसा ‘व्ही०१०८डीझेड’. दुसऱ्यावर ‘डी २१ ९’ आणि ‘व्ही०४१५डीझेड’. तिसऱ्यावर ‘ई ८ ९’, आणि ठशात ‘व्ही०५२०’पुढे तीन अक्षरे.

पहिले पाहून बरेच विद्यार्थी घाईने ‘खोटे’ म्हणतात, कारण वर्षाचा अंक ८ आहे. पण ठोकळा १० डिसेंबर १९६८चा आणि जुळवणी ८ जानेवारी १९६९ची. काहीच बिघडलेले नाही. दुसऱ्यात इंजिन १५ एप्रिलला जुळवले आणि त्याचा ठोकळा सहा दिवसांनी ओतला. तिसऱ्यात कोणीही काही घासलेले किंवा ठोकलेले नाही. ते १९७९च्या मे महिन्यातले अस्सल इंजिन आहे. या गाडीत ते कधी आणि का आले, हे मालकाला विचारावे लागेल.